बायोडेटावर माझा नंबर

लोकांच्या घरी रद्दी साठते, माझ्याकडे किस्से साठतात. रद्दी निदान महिन्याने रद्दीवाला येऊन घेऊन जातो. किस्से न्यायला कोणी येत नाही! मग ते मलाच दारोदार सांगत फिरावं लागतं. आमचे हे म्हणतात, "तुझ्या तोंडाला झाकण नाही." नसू दे. झाकण असतं तर यांच्याशी तीस वर्षं संसार झाला नसता.

तर हे किस्से समोरच्या ब्लॉकमधल्या तीन पोरांचे. नेरूळला आमची बिल्डिंग, आम्ही तळमजल्यावर. समोरच्या ब्लॉकमध्ये इंजिनिअरिंगची तीन मुलं भाड्याने राहायची. मंगेश कराडकडचा, अंगाने दांडगा. तो बोलायला लागला की तिसऱ्या मजल्यावरचं बाळ उठायचं. अशफाक उरणचा, एकदम नीटनेटका, त्याच्या रुमालालासुद्धा इस्त्री. आणि जितू, इथल्याच सारसोळे गावातला. घर चालत दहा मिनिटांवर, पण घरात माणसं नऊ आणि टीव्ही एक. अभ्यासाला जागा नाही, म्हणून मुक्काम मित्रांकडे. वडिलांची होडी, आई मार्केटात मासळी विकायची.

साल पंच्याण्णव-शहाण्णव असेल. तिघांचं शेवटचं सेम चालू होतं. मी शिकले नववीपर्यंत, त्यामुळे सेम म्हणजे काय ते मंगेशने समजावलं, "काकू, सहामाही ओ. ही झाली की कॉलेज आम्हाला हाकलणार."

"मग पुढे?"

"पुढे कोण घेतंय ते बघायचं."

हे "कोण घेतंय ते बघायचं" माझ्या घरात येऊन बसेल हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

*

झालं असं की तळमजल्यावर फोन फक्त आमच्याकडे. एक दिवस तिघं रांगेत उभे. अशफाक पुढे झाला. "काकू, बायोडेटावर तुमचा नंबर टाकू का? शेजारचा नंबर म्हणून, पुढे पी.पी. लिहून."

मी म्हटलं, टाका की. फोन काय, नुसता पडूनच असतो.

पोरांनी साठ-सत्तर कंपन्यांना पत्रं धाडली. तिघांचे मिळून दोनशे कागद माझा नंबर घेऊन ठाण्यापासून पनवेलपर्यंत पसरले. पंधरा दिवसांनी पहिला फोन आला. मंगेशसाठी.

"मिस्टर मंगेश आहेत का?"

"तो आंघोळीला गेलाय. तुम्ही कोण? कंपनी कुठली? किती माणसं आहेत तुमच्याकडे?"

"अं... दोनशे."

"दुपारचं जेवण कंपनीचं की घरून डबा? साहेब कसे आहेत स्वभावाने? आणि मागच्या वर्षी जी मुलं घेतलीत ती टिकली का हो?"

तो माणूस म्हणाला, "बाई, इंटरव्ह्यू आम्ही घेतो."

"घ्या की! पण आधी मुलाकडच्यांनी चौकशी करायची असते!"

मंगेश टॉवेलवर धावत आला तोवर मी निरोप लिहून घेतला होता आणि खाली माझा शेराही: 'माणसं बरी वाटतात. जेवण कंपनीचं. जायला हरकत नाही.'

*

आता फोटोचं ऐका.

बायोडेटाला फोटो लागतो. तिघं एकाच दिवशी स्टेशनजवळच्या स्टुडिओत गेले. स्टुडिओत एकच काळा कोट, गिऱ्हाईकांसाठी खुंटीला लावलेला. मंगेशला तो दंडात घट्ट, जितूला खांद्यावरून ओघळणारा. फोटोवाल्याने मागून चिमटे लावले. फोटो आले तर तिघंही एकदम साहेब!

एका कंपनीने अशफाक आणि जितू दोघांना एकाच दिवशी बोलावलं. समोरच्या साहेबांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले, दोघांकडे पाहिलं, परत फोटोंकडे पाहिलं.

"तुम्ही दोघं नात्यात आहात का?"

अशफाक शांतपणे म्हणाला, "नाही सर. आम्ही एका कोटातले."

*

त्याच दिवशी जितूचं खरं दुखणं बाहेर पडलं.

जितू मित्रांत बसला की पोपट. मार्केटात आईच्या शेजारी उभा राहिला तर आईपेक्षा जास्त मासळी विकेल. पण समोर टेबल, टेबलामागे साहेब, की याची वाचा बंद! अशफाक मला सांगत होता, "काकू, सरांनी विचारलं, 'तुमचं नाव?' याने समोरचा ग्लास उचलला, पाणी प्यायला. सरांनी विचारलं, 'प्रोजेक्ट काय?' याने माझा ग्लास उचलला, पाणी प्यायला. मग सरांनी काही विचारलंच नाही, स्वतःचा ग्लास हाताशी ओढून घेतला."

आम्ही हसलो. जितू हसला नाही. खिडकीशी उभा होता, म्हणाला, "काकू, बाबांनी सांगितलंय, निकाल लागेपर्यंत बघ. नाही जमलं तर मामाबरोबर उरणला, कंटेनरच्या गोदामात. मामाने जागा धरून ठेवलीय."

"वाईट आहे का ती नोकरी?"

"वाईट नाही. पण त्यासाठी चार वर्षं शिकलो नसतो तरी चाललं असतं ना."

त्याच्या घरात आजवर कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. पाड्यातल्या बायका त्याच्या आईला आत्तापासून "इंजिनेरची आय" म्हणायला लागल्या होत्या. आता ह्या पोराला साहेबासमोर बोलतं कसं करायचं? मला तर दोन दिवस भाजीत मीठ घालायचं सुचेना. म्हणजे हे असं म्हणतात. मला भाजी बरोबरच लागत होती.

*

ते राहू दे. आधी टायचं सांगते, नाहीतर विसरेन.

तिघांत टाय एकच, मरून रंगाचा. गाठ बांधता यायची फक्त अशफाकला. त्याने सेमच्या सुरुवातीला एकदाच गाठ मारली आणि टाय खिळ्याला लटकवून ठेवला. ज्याला जायचं असेल त्याने फास मोठा करून डोक्यातून घालायचा, आल्यावर तसाच काढून परत खिळ्याला! तीन महिने असं चाललं होतं.

मी एकदा त्यांच्या खोलीत डोकावले. सहज हं, दार उघडं होतं. टायवर आमटीचा डाग. मला कुठे राहवतंय? आणला, गाठ सोडली, धुतला, इस्त्री केली, घडी घालून नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगेशचा इंटरव्ह्यू आणि अशफाक गेलेला उरणला! मंगेशने ती घडी बघून जी काय आरोळी ठोकली! अख्खी बिल्डिंग जागी. मी बांधून पाहिलं, ह्यांनी बांधून पाहिलं, शेवटी जितू म्हणाला, "सरका, मी बांधतो." आणि खरंच बांधली. घट्ट, सुबक गाठ.

मंगेश इंटरव्ह्यू देऊन आला, नोकरी पक्की करून आला, पण टाय निघेना. ओढला की आणखी आवळायचा. अशफाक आला, त्याने तासभर नखं मोडून घेतली. मी कात्री आणली, तर तिघं माझ्यावर ओरडले, "काकू, तुम्ही आता हातच लावू नका!"

शेवटी जितूच्या वडिलांना बोलावलं. गंभीर माणूस, फार कमी बोलणारे. त्यांनी मंगेशला खुर्चीत बसवलं, गाठ इकडून पाहिली, तिकडून पाहिली, एका टोकाला हलकेच झटका दिला. सर्रकन सुटली.

मग लेकाकडे वळून म्हणाले, "जित्या, ही गाठ होडी बांधाची हाय. मानूस बांधाची नाय."

*

त्यांच्या प्रोजेक्टने तर सोसायटीत महाभारत घडवलं.

प्रोजेक्ट तिघांचा एकच: मासळी सुकवायचं यंत्र. कल्पना जितूची. प्लायवूडचं मोठं खोकं, वर काच, आत जाळीचे ट्रे, बाजूला छोटा पंखा. ऊन कुठे भरपूर? आमच्या गच्चीवर. पहिल्याच दिवशी आत बोंबील घातले. दुपारपर्यंत वास चौथ्या मजल्यावर, सेक्रेटरी बापटांच्या देवघरात!

बापट वर धावले. "हा काय प्रकार आहे? वास येतोय!"

जितू आनंदाने म्हणाला, "येतोय ना काका? म्हणजे हवा बरोबर बाहेर पडतेय!"

संध्याकाळी नोटीस लागली. 'गच्चीवर मासळी, प्रोजेक्ट व तत्सम वस्तू वाळवू नयेत.' पोरांची तोंडं उतरली. व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, महिन्यावर आलेली. मग अशफाकने डोकं लढवलं. यंत्र धुऊन काढलं आणि बापटकाकूंना जाऊन म्हणाला, "काकू, तुमच्या कुरडया दोन दिवसांऐवजी एका दुपारी वाळवून देतो. कावळा नाही, धूळ नाही."

वाळल्या की हो! मग काय, बिल्डिंगमधल्या बायकांची रांग लागली. सांडगे, पापड, भरल्या मिरच्या. बापटांनीच नंबर लावून दिले. बोंबलांना वार मिळाला फक्त बुधवार, तोही बापटांचा उपास नसेल तर.

व्हायव्हाच्या दिवशी बाहेरच्या कॉलेजचे परीक्षक आले. यंत्र उघडलं. तळाशी, ट्रेखाली, एक कुरडई राहिलेली!

"हे काय?"

जितूने नेहमीप्रमाणे पाण्याचा ग्लास शोधायला सुरुवात केली. मंगेश गरजला, "सर, बापटकाकूंची कुरडई!"

परीक्षकांनी एक तुकडा मोडला, कटकन आवाज झाला. तोंडात टाकला. "वाळलीय उत्तम. मीठ जरा कमी आहे." आणि मार्क देऊन निघून गेले.

प्रोजेक्ट पास झाला. बापटकाकू मात्र आजतागायत विचारतात, "मीठ कमी म्हणाला तो कोण? घेऊन या त्याला माझ्यासमोर!"

*

परीक्षा झाल्या. मंगेशची नोकरी पुण्याकडे पक्की, अशफाकची ठाण्याला. जितूचा फोन काही येईना. आला तरी हा रिसीव्हर कानाला लावून "हं... हं..." करायचा आणि समोरचा ठेवून द्यायचा.

मग मीच उपाय काढला. म्हटलं, टेबलाची भीती नंतर घालवू, आधी फोनची घालवू. हे बेलापूरला ऑफिसात. घरी येताना आमच्या वळणावर पीसीओ लागतो. ठरलं असं की रोज पावणेसहाला ह्यांनी पीसीओवरून घरी फोन करायचा, साहेबाचा आवाज काढायचा. जितूने फोनशेजारी बसून उत्तरं द्यायची.

पहिल्या दिवशी फोन वाजला. जितूने उचलला. पलीकडून हे ओरडले, "हॅलो! मी साहेब बोलतोय!"

जितू ततपप करायला लागला. ह्यांना पुढे काय विचारायचं ते सुचेना. पीसीओवर रांग लागलेली. रांगेतल्याच एकाने सुचवलं, "त्याचा वीक पॉइंट विचारा." दुसरा म्हणाला, "वीक पॉइंट कशाला, पगाराची अपेक्षा विचारा." एक बाई मागून म्हणाल्या, "मुलगा लग्नाचा आहे का, ते विचारा."

रोज असं. चार दिवसांत अख्खा पीसीओ जितूचा इंटरव्ह्यू घ्यायला लागला! पण पोरगा खुलला हो. आठवड्यात जितू ह्यांनाच उलट विचारायला लागला, "साहेब, तुमच्या कंपनीत प्रमोशन किती वर्षांनी मिळतं?" आणि हे वीस वर्षं एकाच खुर्चीवर!

आणि फोन संपताना शेवटी माझा निरोप ठरलेला. फोन होतोच आहे, तर दोन कामं होऊ देत. मी स्वयंपाकघरातून ओरडायची आणि जितू म्हणायचा, "थँक यू साहेब. आणि येताना कोथिंबीर आणा, काकूंनी सांगितलंय."

हे रोज "हो" म्हणायचे. रोज विसरायचे. पीसीओपासून भाजीवाली पंधरा पावलांवर!

*

खोली सोडायचा दिवस जवळ आला तशी सामानाची वाटणी सुरू झाली. बादली मंगेशला, टेबलफॅन अशफाकला, टाय जितूला, कारण त्याचंच अजून व्हायचं होतं. राहिला कुकर. त्यात चार वर्षं खिचडी झालेली. प्रत्येकजण म्हणे, "तू ने." "नाही, तू ने." शेवटी मंगेशने भांडं घेतलं, अशफाकने झाकण, जितूने शिट्टी. तिघं भेटतील तेव्हाच त्यात खिचडी होणार, असं ठरलं.

मंगेशचे डोळे भरून आले. "काकू, कशी वाटतेय आमची युक्ती?"

मी म्हटलं, "चांगली आहे. आता ती झाकणाची रबरी रिंग इकडे आणा."

"रिंग कशाला?"

"माझ्याशिवाय खिचडी करता होय रे!"

अजून आहे माझ्याकडे, डब्यात पिठी लावून ठेवलीय.

*

आता शेवटचा सांगते.

त्या सोमवारी ह्यांच्या ऑफिसात रंगकाम चालू होतं. वासाने डोकं दुखतं म्हणून हे चारलाच घरी आले. कोथिंबीर अर्थातच नाही! मी चिडून ह्यांना बनियनवर स्वयंपाकघरात बसवलं, पुढ्यात लसणीचं ताट ठेवलं, सोला म्हटलं. मधला पडदा ओढलेला.

साडेपाचला जितू आला, सवयीने फोनशेजारी बसला. त्याला वाटलं हे ऑफिसातून निघाले असतील. मी सांगणार होते, पण गॅसवर दूध होतं. तेवढ्यात फोन वाजला. जितूने उचलला.

"हॅलो! हो, जितेंद्र बोलतोय. बोला साहेब!"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे माझ्यासमोर, हातात लसूण. मग फोनवर कोण?

"अरे वा, साहेब, आज कंपनीचं नावपण शोधून आणलंत! झकास!" जितू हसून म्हणाला. मग सावरून बसला. "विचारा, साहेब."

हे उठायला लागले. मी लसणीच्या हातानेच ह्यांचं तोंड दाबलं. "अहो, बसा! तुम्ही इथे नाही आहात!"

"मग मी कुठे आहे?"

"पीसीओवर!"

बाहेर जितू बोलत होता. "प्रोजेक्ट मासळी सुकवायचं यंत्र, साहेब. का म्हणजे? आईमुळे. ती उन्हात बोंबील घालते, दर दोन तासांनी उलटते. आभाळ आलं की धावत गोळा करते. कावळे वेगळेच. मला वाटलं, तिला दुपारी दोन तास झोप मिळाली पाहिजे. यंत्राचं काय, ते त्यासाठी आहे."

पडद्याआड आम्ही दोघं श्वास रोखून. दूध उतू गेलं. जाऊ दे म्हटलं.

"मार्क? मॅथ्सला एकदा केटी लागली होती. खोटं कशाला बोलू? दुसऱ्या खेपेला काढली... पंपाच्या कंपनीत काय करणार? साहेब, पंप पाणी ढकलतो, माझा पंखा हवा ढकलतो. ढकलायचं कसं ते मला कळलंय, काय ढकलायचं ते तुम्ही सांगा!"

मग जरा वेळ नुसतं ऐकत होता. "हो. गुरुवारी दहा वाजता, महापे. ओरिजिनल मार्कशीट घेऊन. लिहून घेतलं. थँक यू साहेब." मी डोळे मिटले. सुटलो! आणि पोरगा म्हणाला, "आणि हां, येताना कोथिंबीर आणा. काकू चिडल्यात. कालपण विसरलात!"

आणि ठेवला फोन!

मी खालीच बसले. पण आता ह्यांना बाहेर काढायला हवं. मागच्या दाराने ह्यांना ढकललं. हे बिल्डिंगला वळसा घालून पुढच्या दारातून आत आले.

जितू बघतच राहिला. "काका, पीसीओवर बनियनवर गेला होतात?"

"उकडतंय," हे म्हणाले.

"आज आवाज काय वेगळा काढलात! एकदम खरा साहेब! आणि कोथिंबीर?"

"विसरलो."

निदान हे तरी खरं होतं.

जितूला खरं सांगायचं का? हे म्हणाले, सांग. मी म्हटलं, सांगितलं तर गुरुवारी पोरगा पाण्याचे ग्लास रिकामे करत बसेल. मग मी त्याला म्हटलं, "जितू, काकांनी आज सांगितलेलं नाव, वेळ, सगळं खरं आहे. दुपारी त्या कंपनीचा फोन येऊन गेला, तू नव्हतास. म्हणून काकांनी प्रॅक्टिसमध्येच तो निरोप दिला."

"म्हणजे त्या साहेबांशी मी अजून बोललोच नाही?"

"नाही रे बाळा."

गुरुवारी जितू टाय लावून गेला. गाठ अशफाकची. मी लांबूनच पाहिली, हात लावला नाही. बारा वाजले, दोन वाजले. जितूची आई मार्केटातून थेट माझ्याकडे आली, रिकामी टोपली दाराशी ठेवून उंबऱ्यावर बसली. चहा घेईना. "तो येव दे, मंग घेतू." मंगेश आणि अशफाक जिन्यावर. ह्यांनी ऑफिसातून तीनदा फोन केला आणि तिन्हीदा मी ओरडले, "ठेवा! लाइन मोकळी राहू द्या!"

चारला फाटक वाजलं. जितू आला. टाय सैल, शर्ट घामाने चिकटलेला, खांद्याला पिशवी, हातात लांब पाकीट.

"काय झाला रं?" आईने उंबऱ्यावरूनच विचारलं.

"लागली, आये. एक तारखेपासून."

त्या माउलीने टोपली उलटी केली, झटकली, परत सरळ ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाय, आता चाय टाक."

मंगेशने आरोळी ठोकली, तिसऱ्या मजल्यावरचं बाळ उठलं. मला मात्र वेगळीच चिंता. मी जितूला बाजूला घेतलं, हळूच विचारलं, "साहेब काय म्हणाले? पाणी प्यायलास का?"

"नाही, काकू. आत गेलो, ते नुसतं 'बसा' म्हणाले, फोनवरचा तोच आवाज, आणि मी टेबलाखाली काका दिसतायत का ते बघितलं." जितू माझ्याकडे टक लावून बघत होता. "मग त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, 'आई दुपारी झोपते का आता?' मी म्हटलं, 'बुधवारी झोपते.' पुढे बोलतच गेलो."

"आणि?"

"आणि निघताना त्यांनी ड्रॉवर उघडला."

त्याने खांद्यावरची पिशवी उतरवली, आत हात घातला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली, मुळांसकट, हिरवीगार कोथिंबिरीची जुडी माझ्या हातात ठेवली.

"म्हणाले, 'काकूंना द्या. त्या दिवशी आणायची राहिली.'"